नव्या घरात वायफायच्या आधी तारांचा विचार

प्रश्न : पुनावळ्याच्या एका नव्या संकुलात आम्ही तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला असून ताबा मिळाला आहे. पुढच्या महिन्यात फर्निचरचे आणि फॉल्स सीलिंगचे काम सुरू होईल. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. माझे पती सनदी लेखापाल आहेत आणि जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा जवळ आल्या की रात्री उशिरापर्यंत घरूनच काम करतात. मुलगा बारावीत असून त्याचे क्लास ऑनलाइन असतात. सासूबाईंची खोली मुख्य दारापासून सर्वांत लांबच्या टोकाला आहे आणि नणंदेशी रोज व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतात की हॉलमध्ये टीव्हीखाली राउटर ठेवा आणि ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, म्हणजे सगळीकडे रेंज पोचेल. दुकानदार घरात ठिकठिकाणी ठेवायच्या तीन वायफाय यंत्रांचा मेश संच घ्यायला सांगतो. इमारत मायव्हान पद्धतीची असल्यामुळे भिंतींत झिऱ्या पाडायला बिल्डरने मनाई केली आहे. पैसे नेमके कशावर खर्च करावेत? दुसरे कनेक्शनही घ्यावे लागेल का?
— एक वाचक, पुनावळे

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे इमारत मायव्हान पद्धतीची आहे. या पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे उभे करून त्यांत सळ्यांची जाळी बांधतात आणि भिंती व स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. त्यामुळे घरातल्या जवळजवळ सगळ्याच भिंती, अगदी दोन बेडरूममधल्याही, लोखंडी जाळी पोटात घेतलेल्या काँक्रीटच्या असतात. तुमच्या इलेक्ट्रिशियनचा सल्ला विटांच्या घरांच्या अनुभवातून आलेला आहे आणि तशा घरात तो बऱ्यापैकी खराही ठरतो, कारण विटांच्या एकदोन भिंती ओलांडूनही वायफाय वापरण्याजोगे उरते. तुमच्या घरात मात्र पहिल्याच भिंतीपलीकडे ते निम्म्याहून अधिक क्षीण झालेले असेल आणि दुसऱ्या भिंतीनंतर, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्ट्यात, फारसे काही हाती लागणार नाही. सासूबाईंच्या खोलीत मोबाइलवर रेंजच्या रेषा दिसतील, पण कॉल अडखळेल. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत कसाबसा पोचतो, पण मोबाइलचा प्रक्षेपक त्याहून दुबळा असल्यामुळे त्याचे उत्तर परत राउटरपर्यंत पोचत नाही. म्हणूनच ‘जास्त ताकदीचा, लांब पल्ल्याचा’ राउटर आणून हा प्रश्न सुटत नाही. संभाषणाची एकच बाजू मोठ्याने बोलू लागली तरी दुसरी बाजू होती तितकीच मंद राहते.

३०० एमबीपीएसच्या प्लॅनने या भिंतीवर काहीच परिणाम होणार नाही. तुमच्या कुटुंबाची खरी गरज मोजून पाहा. चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी साधारण ३ ते ४ एमबीपीएस लागतात, मुलाच्या क्लासला त्याहून कमी आणि टीव्हीवर ४-के चित्रपट पाहायचा तर १५ ते २५. चौघांनी एकाच वेळी सर्व काही वापरले, तरी बेरीज ६० च्या पुढे जाणे कठीण आहे, त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लॅन तुम्हाला पुरतो. प्लॅन निवडताना फक्त एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच आहे की नाही. तुमच्या मीटिंग आणि तुमच्या पतींच्या मोठ्या फायली, दोन्ही गोष्टी अपलोडवर अवलंबून आहेत. जाहिरातीत दिलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हे लेखापालांच्या घरात सांगायला नकोच.

आता मेश संचाविषयी. मेश ही वाईट वस्तू नाही, पण दुकानदार ज्या रीतीने ती विकतो आहे त्या रीतीने ती तुमच्या घरात निरुपयोगी ठरेल. संचातले तीन नग एकमेकांशी वायफायनेच बोलतात, म्हणजे ज्या भिंतीमुळे मोबाइलला त्रास होतो, तीच भिंत आता दोन नगांच्या मध्ये येते. शिवाय बहुतेक स्वस्त संचांमध्ये मधला नग त्याच लहरींवर एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्म्यावर येतो. हेच नग लॅन केबलने, म्हणजे इंटरनेट वाहणाऱ्या तारेने, मुख्य राउटरला जोडले, तर तेच यंत्र एकदम समाधानकारक काम करू लागते. पण केबल टाकायचीच असेल, तर मेशचा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण छताला लावायचा एखादा साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारे छोटे यंत्र, तेच काम करतो. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे अडॅप्टरही बाजारात मिळतात, पण आपल्याकडच्या घरांत फेज, एमसीबी आणि स्टॅबिलायझर यांच्या गर्दीत त्यांचा भरवसा धरता येत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे : फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी घरात केबल टाकण्यावर पैसा खर्च करावा आणि राउटर, मेश, प्लॅन यांची खरेदी नंतरसाठी ठेवावी. ती यंत्रे चार-पाच वर्षांनी बदलावीच लागतात. छतात नीट टाकलेली केबल मात्र घराइतकी टिकते, आणि ती आज टाकली नाही तर पुढे पीओपी फोडल्याशिवाय टाकता येत नाही.

झिऱ्या पाडायला बिल्डरने केलेली मनाई योग्यच आहे आणि ती कसोशीने पाळावी, कारण या भिंती इमारतीचा भार वाहतात आणि त्यांतली एखादी सळई कापली गेली तर ते नुकसान तुमच्या फ्लॅटपुरते राहत नाही. भिंतीला आरपार भोक पाडण्याची वेळ आलीच, तर त्यासाठी बिल्डरची किंवा सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. मात्र अशी वेळ बहुधा येत नाही, कारण मायव्हानच्या इमारतीत पाइप आधीच काँक्रीटमध्ये ओतलेले असतात. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये टीव्हीचे, टेलिफोनचे आणि इंटरकॉमचे पॉइंट दिलेले असतात, आणि त्यांतले टेलिफोनचे पाइप आज कोणी वापरत नाही. बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्या आणि प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो, हे इलेक्ट्रिशियनला स्प्रिंग सारून तपासायला सांगा. काही पाइप काँक्रीटच्या लगद्याने बुजलेले निघतील, पण सगळे सहसा बुजलेले नसतात. टीव्हीच्या पाइपमध्ये डिश अँटेनाची जाड काळी केबल आधीच ओढलेली असेल आणि तुम्हाला डिश घ्यायची नसेल, तर ती उपटून फेकू नका. तिच्या एका टोकाला लॅन केबल पक्की बांधून दुसऱ्या टोकाने सावकाश ओढली, की जुनी केबल बाहेर येताना नवी आत घेऊन येते. जेथे पाइप नाही, तेथे पॅसेजमधल्या फॉल्स सीलिंगवरून, दारांच्या चौकटींवरच्या पट्टीतून, वॉर्डरोबच्या मागून किंवा स्कर्टिंगलगत बारीक केसिंग पट्टीतून वाट काढता येते. सुताराला आणि पीओपीवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगितले, तर पट्टी दिसणारही नाही.

केबल कुठून निघावी, हे आधी ठरवावे लागते. मुख्य दाराजवळ बिल्डरने फायबरसाठी एक छोटा पत्र्याचा डबा दिला असेल. पुष्कळ घरांत राउटर त्याच डब्यात कोंबतात आणि वर झाकण लावतात, त्यामुळे लोखंडी पेटीत बसलेल्या राउटरचे वायफाय बाहेर येत नाही आणि मे महिन्यात तो तापून बंद पडू लागतो. त्या डब्यात फायबरचे टोक असू द्यावे. यंत्रांसाठी शू-रॅकच्या वरचा कप्पा किंवा युटिलिटीजवळचा माळा अशी हवेशीर जागा निवडावी, तेथे किमान चार प्लगचा पॉइंट द्यावा आणि घरातल्या सगळ्या लॅन केबल तेथे आणून सोडाव्यात. या जागेपासून टीव्ही युनिटपर्यंत दोन केबल, तुमच्या आणि तुमच्या पतींच्या कामाच्या टेबलापर्यंत प्रत्येकी एक, मुलाच्या टेबलापर्यंत एक, पॅसेजच्या छतापर्यंत एक आणि सासूबाईंच्या खोलीच्या छतापर्यंत एक अशा केबल टाकाव्यात. दारावर कॅमेरा बसवायचा विचार असेल, तर तेथेही एक टाकून ठेवावी. ही संख्या आज जास्त वाटली, तरी खर्चाचा मोठा भाग माणसांच्या मजुरीचा असतो, केबलचा नव्हे, म्हणून जेथे एक ओढायची तेथे शक्य असल्यास दोन ओढून घ्याव्यात. विजेच्या तारा आणि लॅन केबल एकाच पाइपमधून कधीही नेऊ देऊ नका. त्याने संदेशात गोंधळ होतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वायरचे आवरण वितळले तर २३० व्होल्ट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतात. समांतर जावे लागले तर दोहोंत फूटभर अंतर ठेवावे आणि एकमेकांना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे.

केबल खरेदी करताना फसवणूक सर्वाधिक होते, म्हणून याबाबत जरा तपशिलात लिहितो. ‘कॅट ६’ दर्जाची लॅन केबल मागावी. त्याखालच्या दर्जाची कॅट ५-ई केबलही १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएस, वेग देते आणि आजच्या गरजेला पुरते, पण भिंतीत कायमची राहणारी वस्तू घेताना एक पायरी वरची घेणे शहाणपणाचे आहे. छोट्या अंतरावर, म्हणजे साधारण ५५ मीटरपर्यंत, कॅट ६ दहा गिगाबिटही पेलते आणि तुमच्या घरातली कोणतीही केबल त्याहून कितीतरी लहान असेल. मात्र खोक्यावर ‘कॅट ६’ लिहिलेले असूनही आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असलेल्या केबल सर्रास विकल्या जातात. त्या हलक्या आणि स्वस्त असतात, वाकवल्या की आतून तुटतात आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तर तापतात. म्हणून दुकानातच एक तार सोलून तिच्यावर ब्लेड घासून पाहावे. आत पांढुरकी चकाकी दिसली तर ते ॲल्युमिनियम समजावे आणि ती केबल घेऊ नये. शुद्ध तांब्याची केबल ३०५ मीटरच्या खोक्यात मिळते. तुम्हाला तेवढी लागणार नाही, पण सुटी केबल घेतानाही ती खोक्यातून तुमच्यासमोर मोजून घ्यावी, कारण तिच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात.

लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी नीट बसली नाही तरी इंटरनेट चालू राहते, फक्त वेग १०० च्या पुढे सरकत नाही, आणि दोष कंपनीला दिला जातो. भिंतीतली केबल थेट पिनमध्ये दाबून (क्रिम्प करून) न बसवता भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, ज्याला इलेक्ट्रिशियन आयओ म्हणतात, पक्की बसवून घ्यावी. पेटीत वीतभर केबल शिल्लक ठेवावी आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहून चिकटवावा. छोट्या टेस्टरचे आठ दिवे ओळीने लागले, म्हणजे तारा जोडल्या आहेत एवढेच कळते. खरी परीक्षा लॅपटॉप आणि राउटर दोन टोकांना जोडून घ्यावी आणि लॅपटॉपवर ‘१ जीबीपीएस’ जोडणी दिसते का ते पाहावे. हे सगळे पीओपीवाला छत बंद करण्याआधी, त्याच्यादेखत झाले पाहिजे. याच कारणासाठी राउटर किंवा स्विच (विजेचे बटण नव्हे, तर अनेक लॅन केबल एकत्र जोडणारा डबा) विकत घेताना त्याचे पोर्ट गिगाबिटचे आहेत याची खात्री करावी. खोक्यावर ‘१२००’ असा मोठा आकडा छापलेल्या कित्येक स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट प्रत्यक्षात १०० एमबीपीएसचेच असतात. टीव्हीचा लॅन पोर्टही बहुधा १०० चाच निघेल, पण ४-के चित्रपटाला तेवढा भरपूर होतो, त्यामुळे त्याची चिंता नको.

छतावरचे ॲक्सेस पॉइंट शक्यतो लॅन केबलमधूनच वीज घेणारे निवडावेत. अशा व्यवस्थेत माळ्यावरचा एक छोटा स्विच प्रत्येक पॉइंटला सुमारे १५ वॉटपर्यंत वीज पुरवतो, त्यामुळे छतात वेगळा प्लग द्यावा लागत नाही. याचा दुसरा लाभ वीज जाते तेव्हा दिसतो. सोसायटीला जनरेटर असेल म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, पण वीज जाणे आणि जनरेटर सुरू होणे यांच्यात काही सेकंद जातात. तेवढ्यात राउटर बंद होतो आणि पुन्हा पूर्णपणे जागा व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, म्हणजे मीटिंग तुटलीच. सगळी यंत्रे एकाच जागी असतील, तर एक लहान यूपीएस त्या सर्वांना सांभाळून घेतो. फक्त राउटर आणि कंपनीचे फायबरचे यंत्र चालवायचे असेल, तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएसही चालतो, पण घेताना तुमच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर यांच्याशी तो जुळतो का ते पाहावे.

कनेक्शन घेताना एक प्रश्न अवश्य विचारा : फायबर माझ्या फ्लॅटच्या आत येणार, की इमारतीत कुठेतरी थांबून तेथून लॅन केबल येणार? काही स्थानिक केबलचालक फायबर इमारतीपर्यंत आणतात आणि डक्टमधल्या एका स्विचमधून घरोघरी लॅन केबल सोडतात. त्या स्विचची वीज गेली की तुमचा यूपीएस कितीही चांगला असला तरी इंटरनेट जाते, आणि डक्टमधल्या उंदरांनाही त्या केबल फार प्रिय असतात. फायबर थेट घरात येणाऱ्या व्यवस्थेत वाटेत जो विभाजक असतो, त्याला वीज लागतच नाही. अशा व्यवस्थेत सर्वाधिक रूढ असलेल्या प्रकारात जवळपास २.५ गिगाबिट डाउनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड एवढी क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते आणि ती पुरेशी असते. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्याकडच्या मीटरवर तुमच्या टोकाला किती प्रकाश पोचतो ते दाखवायला सांगा. आकडा उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे माप) दरम्यान असेल तर ठीक आहे. उणे २७ च्या जवळ असेल, तर जोड पुन्हा करून घ्यावा, कारण आज चालणारी अशी लाइन पहिल्या पावसाळ्यात लाल दिवा दाखवू लागते. फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, तिला रुपयाच्या नाण्याहून मोठी गोलाई द्यावी.

कंपनी जो डबा बसवते, त्यात फायबरचे यंत्र आणि राउटर बहुधा एकत्रच असतात. तो डबा यंत्रांच्या त्या कप्प्यात किंवा माळ्यावर राहणार असल्यामुळे त्याचे वायफाय बंद करून टाकावे आणि वायफायचे काम छतावरच्या पॉइंटांना द्यावे. त्यापुढे स्वतःचा राउटर लावायचा असेल, तर कंपनीला तिचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकायला, म्हणजे त्यातले राउटरचे काम बंद करायला सांगा, नाहीतर एकामागोमाग दोन राउटर होतात आणि कार्यालयाच्या व्हीपीएनपासून (कार्यालयाशी असलेली सुरक्षित जोडणी) मुलाच्या गेमपर्यंत अनेक गोष्टी विनाकारण बिघडतात. तुम्हाला खास गरज नसेल, तर स्वतःचा राउटर नाही घेतला तरी चालेल, कारण ॲक्सेस पॉइंट थेट कंपनीच्या डब्याला जोडता येतात. तुमच्या पतींना बाहेरून घरातल्या संगणकात शिरून काम करायचे असेल, तर मात्र ब्रिज मोडने पुरत नाही. बहुतेक कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायचा क्रमांक, देतात. तुमच्या राउटरवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर हेच झाले आहे असे समजावे. अशा वेळी स्थिर आयपी पत्ता वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो, किंवा दोन्ही टोकांकडून बाहेर जाऊन मध्ये भेटणारे एखादे रिमोट सॉफ्टवेअर वापरावे लागते. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि बहुतेकांना पुरतो.

वायफायची मांडणी करताना तुमच्या काँक्रीटच्या भिंतींचा एक उपयोगही होतो. विटांच्या इमारतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वीस-पंचवीस वायफाय एकमेकांच्या घरात घुसतात. तुमच्याकडे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ तुमच्या एकट्याचा असेल, कारण शेजाऱ्याच्या लहरीही त्याच भिंतींनी अडवल्या जातात. शिवाय २०१८ च्या नियमांनी भारतात या पट्ट्याचा बराच मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला, त्यामुळे येथे चॅनेलची, म्हणजे पट्ट्यातल्या वेगवेगळ्या भागांची, टंचाई नाही. दोन पॉइंटांना वेगवेगळे चॅनेल द्यावेत, दोन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा आणि ताकद मध्यम ठेवावी, म्हणजे घरात फिरताना मोबाइल जवळच्या पॉइंटला चिकटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, तेव्हा त्यांतलेच निवडावेत. गिझरचा प्लग, एसीचा रिमोट, दारावरची बेल अशी ‘स्मार्ट’ उपकरणे बहुधा याच पट्ट्यात चालतात. त्यांच्यासाठी वेगळ्या नावाचे पाहुण्यांचे वायफाय सुरू केले, तर ती जोडताना त्रास होत नाही आणि ती तुमच्या कामाच्या संगणकांपासून दूरही राहतात. हे वेगळेपण का हवे, ते ऑक्टोबर २०१६ मध्ये जगाने पाहिले. कारखान्यातला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अनेक मोठी संकेतस्थळे काही तासांसाठी बंद पाडली. तेव्हा कॅमेरा आणि राउटर या दोन्हींचे मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत.

सासूबाईंच्या मोबाइलवर वायफाय कॉलिंग सुरू करून द्या. अशा इमारतींत मोबाइलची रेंजही खोल्यांच्या आत मंदावते आणि साधा फोनही लागत नाही, पण खोलीतला ॲक्सेस पॉइंट नीट असेल तर साधा कॉलही त्याच वाटेने जातो. त्यांना काहीच वेगळे दाबावे लागत नाही, नेहमीप्रमाणे नंबर लावायचा.

आता दुसऱ्या कनेक्शनविषयी. सुरुवातीला घेऊ नये, पण त्याची वाट मोकळी ठेवावी. दोन कंपन्यांचे फायबर घेतले, तरी दोन्ही एकाच खांबावरून किंवा रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात, आणि पुनावळ्यासारख्या सतत बांधकाम चालणाऱ्या भागात ही शक्यता कल्पनेतली नाही. म्हणून पर्याय घ्यायचा तर वेगळ्या माध्यमाचा घ्यावा. मीटिंगपुरता मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, मात्र तुमचे सिमकार्ड आणि फायबर एकाच कंपनीचे नसावे, कारण कंपनीच्या मुख्य यंत्रणेत बिघाड झाला तर दोन्ही एकदम बंद पडू शकतात. तुमच्या पतींच्या बाबतीत प्रत्येक महिन्याच्या ११ आणि २० तारखेचा, म्हणजे जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतीचा, प्रश्न आहे. त्यांना अखंड जोडणीच हवी असेल, तर ५-जीवर चालणारे बिनतारी ब्रॉडबँड हा चांगला पर्याय आहे आणि २०२३ पासून ते आपल्याकडे मिळू लागले आहे. त्याचे यंत्र बाल्कनीत किंवा खिडकीबाहेर बसते, म्हणून बाल्कनीपासून माळ्यापर्यंत एक जादा केबल आजच टाकून ठेवावी. पुढे दोन इंटरनेट एकत्र सांभाळणारा राउटर घेतला की फायबर बंद पडताच काम आपोआप दुसऱ्या वाटेवर जाते.

कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा तुमच्याच विंगमध्ये राहायला आलेल्या लोकांना विचारावे, आणि ‘वेग किती’ असे न विचारता ‘बंद पडल्यावर माणूस किती तासांत येतो’ असे विचारावे. बिल्डरने एकाच कंपनीशी करार केला आहे, दुसऱ्यांना डक्टमध्ये येऊ देत नाही, असे कळले तर रहिवाशांनी मिळून हा प्रश्न लेखी मांडावा. इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्येच काढले आहेत, त्यामुळे हा विषय आता बिल्डरांना नवा नाही. वर्षभराचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते, पण पहिला एक महिना साध्या मासिक प्लॅनवर काढावा. रात्री ९ ते ११ या वेळेत, जेव्हा सगळी इमारत टीव्ही पाहत असते तेव्हा, लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजावा आणि मोठी फाइल अपलोड होत असताना व्हिडिओ कॉल करून पाहावा. कॉल तेव्हा अडखळला, तर अपलोडच्या रांगेत तो मागे पडतो आहे. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधणारी सोय असेल तर ती सुरू करावी. कंपनीने बसवलेला डबा कंपनीचाच असतो, तेव्हा अनामत रकमेची पावती आणि डब्याचा क्रमांक जपून ठेवावा. तक्रार करावी लागली तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडून नोंद क्रमांक घ्यावा, समाधान झाले नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नये. या पहिल्या महिन्यात रात्रीची वेळ आणि दोनचार वेळा वीज जाणे, दोन्ही कसोट्या नीट पार पडल्या, तर वार्षिक प्लॅन खुशाल घ्यावा.